सर्वांत जवळची संख्या

दिलेल्या संख्येला कोणती संख्या सर्वांत जवळची, हा प्रश्न शाळेच्या पाटीवर सोपा वाटतो. ३७ ला ३० जवळ की ४०? मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. एकीकडे ७ उरतात, दुसरीकडे ३. म्हणून ४० जवळची. अंतर पुढचे की मागचे हे पाहायचे नाही. ते किती, एवढेच पाहायचे. ३० आणि ४० यांचा मध्य ३५ ध्यानात ठेवला, तर वजाबाकीचीही गरज उरत नाही. संख्या मध्याच्या ज्या बाजूस, ती बाजू जवळची. ती नेमकी मध्यावर पडली, तर मात्र संकेतानेच निर्णय करावा लागतो.

हीच रीत एकदा साऱ्या देशाच्या घड्याळांना लागू झाली. १८७० मध्ये मुंबईकडून व अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग जबलपुरात एकमेकांस मिळाले आणि मुंबई-कलकत्ता प्रवास रेल्वेने सलग झाला. पण दोन्ही टोकांची घड्याळे निराळी होती. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. त्या हिशेबाने ग्रिनिचच्या पुढे मुंबईची स्थानिक वेळ सुमारे ४ तास ५१ मिनिटे, जबलपूरची ५ तास २० मिनिटे आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. रेल्वेने पुढे मद्रासची वेळ वापरली. ती सुमारे ५ तास २१ मिनिटे. जबलपूरकराला ती जवळजवळ आपलीच होती. फरक एका मिनिटाच्या आसपास.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे ठरली. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत जबलपूरला जवळचा टप्पा कोणता? ५ आणि साडेपाच यांचा मध्य सव्वापाच. जबलपूर त्याच्या पुढे, म्हणून साडेपाच. अंतर अवघे १० मिनिटांचे. मुंबईला मात्र जवळचा टप्पा ५ तासांचा होता, ९ मिनिटांवर. साडेपाच तब्बल ३९ मिनिटांवर! कलकत्त्याला ६ तास जवळचे होते. म्हणून मुंबईत गिरणी कामगारांनी ह्या बदलास विरोध केला आणि तेथे जुनी 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत काही ठिकाणी टिकून राहिली. सूर्य उगवण्याआधी कामावर निघणाऱ्याला ३९ मिनिटे म्हणजे केवळ आकडा नव्हे.

मग ही निवड चुकली काय? तसे म्हणता येत नाही. मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांचा मध्य ५ तास २२ मिनिटे येतो आणि त्याला साडेपाचच जवळचे. एका शहरासाठी शोधलेली जवळची संख्या आणि सर्वांसाठी शोधलेली जवळची संख्या, ही दोन निराळी उत्तरे आहेत. एका उत्तराने सर्वांचे अंतर शून्य होत नाही. ज्याच्या वाट्याला अंतर अधिक येते, त्याची अडचण जाणून घेणे हे त्या निवडीचेच उरलेले काम होय.