घरचं विमान नाकावर का आपटतं?

सोयाबीन निघालं की वाशिमकडची रानं मोकळी होतात आणि सकाळी वाराही पडलेला असतो. छोटी विमानं उडवायला एवढं पुरे. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे पंख कापले, ज्वारीच्या वाळल्या धांड्यावर बसवले, नाकाला मातीचा गोळा लावला आणि जोरात फेकलं. नाक ढेकळात! आणखी जोरात फेकलं, तर पंखच मोडला. मग सगळ्यांना वाटलं, मोटार पाहिजे. मोटारीनं ते आणखी वेगानं आपटलं असतं, एवढंच.

चूक तोलात होती. पंखाखाली, पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन बोटांवर विमान ठेवून बघा. पुढे झुकलं तर माती काढा, मागे झुकलं तर लावा.

मग शेपटी. तिची मागची कड केसभर वर वाकवली की हवा शेपटी खाली दाबते आणि नाक उचलतं. जास्त वाकवली तर नाक आभाळाकडे जातं, वेग सरतो, पंख हवा धरत नाहीत आणि विमान धपकन खाली! फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोनं शेपटी अशीच किंचित कलती ठेवली होती. १८७१ मध्ये पॅरिसला त्याचं रबराच्या पिळावरचं विमान ११ सेकंद उडलं.

आता फेकायचं नाही हं, सोडायचं. दीड मीटर उंचीवरून सोडलेलं नऊ मीटर गेलं, तर एक मीटर उतरताना ते सहा मीटर पुढे सरकलं. आमचं त्या सकाळचं शेवटचं विमान बारा पावलं गेलं.