हिराबाईंच्या नावातले बडोदे

गानहिरा हिराबाई बडोदेकर यांचे नाव आपल्या घरांतून आदराने घेतले जाते. मात्र त्यांचा जन्म बडोद्याचा नाही. तो १९०५ साली मिरजेत झाला. मग आडनाव बडोदेकर कसे, असे नव्या पिढीने विचारले तर उत्तर आपल्याला ठाऊक असायला हवे.

हिराबाईंचे बडोद्याशी नाते आजोळचे. आई ताराबाई या येथील सरदार माने घराण्यातल्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारात गायक असताना ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकल्या, आणि पुढे दोघांनी बडोदे सोडून संसार थाटला. हिराबाईंचे लहानपणीचे नाव चंपाकली. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. वडिलांचे मोठे नाव बाजूला राहिले आणि मुलीने आजोळच्या गावाचे नाव लावले.

हिराबाईंना तालीम मिळाली ती थोरले बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. किराणा घराण्याची संथ, सुरेल आलापी त्यांच्या गळ्यात अशी बसली, की पुढे तीच त्यांची ओळख झाली.

त्या काळी घरंदाज स्त्रीने लोकांपुढे बसून गाणे समाजाला रुचत नसे. गायिकेची बैठक म्हणजे मोजक्या धनिकांचा शौक. हिराबाईंनी तिकीट लावून मैफल केली. असे करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तिकीट लावले की कोणाच्या निमंत्रणाची वा मर्जीची गरज उरत नाही. सामान्य गृहस्थ बायकोमुलांसह येऊन बसू शकतो आणि गायिकेला हक्काचे मानधन मिळते.

भावंडांसह त्यांनी नाटक कंपनीही काढली. बालगंधर्वांचा तो काळ. तरीही त्यांच्या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. कंपनी मात्र कर्जात गेली. हिराबाईंनी गावोगावी मैफली करून ते देणे फेडले. जन्मभर बँकेत कर्जखाती पाहिलेल्या आम्हांला त्यांच्या गाण्याइतकेच याचेही मोल वाटते.

१९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

सूरसागराकाठच्या आपल्या संगीत महाविद्यालयावरून जाताना मुलांना ही हकिकत जरूर सांगावी. बडोद्याने हिराबाईंना एक आडनाव दिले. त्यांनी त्याची प्रतिष्ठा वाढवून ते परत केले.