आपला रॉकस्टार मुलुंडचा!

टी-शर्टवर चे गव्हेरा, कानात पिंक फ्लॉइड आणि बॅगेत ऑफिसचा लॅपटॉप. घाटकोपर-अंधेरी मेट्रोत अशी मंडळी रोज दिसतात. (त्यातलीच एक मी!) बंडखोर म्युझिक आपल्याला जाम आवडतं. २०२० मध्ये पोलंडच्या काझिक स्ताशेव्स्की या रॉकरने तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या नेत्याला चिमटा काढणारं गाणं केलं. ते सरकारी रेडिओच्या चार्टवर नंबर वन झालं आणि रेडिओने तो निकालच रद्द करून टाकला. मी ही बातमी एका मित्राला पाठवली. त्याचा रिप्लाय आला, 'आपल्याकडे असं कोणी नाहीच ना यार!'

आहे ना. म्हणजे, होता. आणि राहायला कुठे, तर चक्क मुलुंडला!

शाहीर विलास घोगरे. ना बँड, ना स्टेजवरचा धूर, ना सीडीचं लाँचिंग. झोपडपट्टीत राहणारा हा माणूस 'आव्हान नाट्य मंच'मधून कामगार वस्त्यांत, मोर्चांत गायचा. संभाजी भगत हे त्याच ग्रुपमधले त्याचे साथीदार. आनंद पटवर्धनांची 'हमारा शहर' ही १९८५ ची डॉक्युमेंटरी बघा. झोपड्या तोडल्या जाताहेत आणि पडद्यावर घोगरे गातोय. ज्या शहरात आपण वन बीएचकेच्या ईएमआयचं गणित मांडतो, त्याच शहराची दुसरी बाजू.

पुढे ग्रुपने त्याला बाहेर काढलं. ज्यांच्यासाठी गळा झिजवला, तेच परके झाले. बँड फुटल्याच्या स्टोऱ्या आपण चवीने वाचतो. पण इथे दुसरं कुठलं लेबल वाट बघत नव्हतं.

चार दिवस

११ जुलै १९९७. घाटकोपर पूर्वेचं रमाबाई नगर. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला आणि लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेने आपल्या झोपडीत स्वतःचं आयुष्य संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती.

याला 'शहीद' वगैरे म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही. एवढा ताकदीचा गळा त्या रात्री एकटा का पडला, हा प्रश्न जास्त छळतो. पटवर्धनही त्याच प्रश्नामागे गेले. तब्बल चौदा वर्षं शूटिंग करून २०११ मध्ये त्यांनी 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. दरम्यान २००९ मध्ये गोळीबाराबद्दल फौजदार मनोहर कदम यांना जन्मठेप झाली आणि लवकरच हायकोर्टातून जामीनही मिळाला.

झील कोण धरणार?

शाहिरीत मुख्य गायकामागे उभं राहून सूर उचलून धरतात, त्याला झील धरणं म्हणतात. घाटकोपरला ही परंपरा नवी नाही. अण्णा भाऊ साठे इथल्याच चिरागनगरात राहायचे. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि गवाणकरांच्या साथीने 'लाल बावटा' कलापथक उभं केलं. घोगरेनंतर संभाजी भगत गात राहिले. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मधली (२०१४) शाहिराची गाणी त्यांचीच. त्या सिनेमात एका गाण्यावरून म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो. मल्टिप्लेक्समध्ये आपण टाळ्या वाजवल्या आणि पार्किंगची पावती शोधत बाहेर पडलो.

आता एक कबुली. मागच्या वर्षी एका लेखातलं एक वाक्य मी स्वतःच उडवलं. कुणी सांगितलं नव्हतं. 'उगाच लफडं नको' एवढंच डोक्यात होतं. भाडं भरायचं होतं. तुम्हीही स्टेटस टाइप करून डिलीट केलं असेलच की! रोजची नोकरी सांभाळून बोलणं सोपं नाही, मान्य. पण घोगरेकडे तर सांभाळायला नोकरीसुद्धा धड नव्हती.

सगळ्यांनी शाहीर व्हायची गरज नाही. पण जो गातोय, त्याच्यामागे झील धरायला दोन-चार आवाज तरी हवेत.

या वीकेण्डला 'जय भीम कॉम्रेड' बघा. तीन तासांच्या आसपास आहे, चहाचा थर्मास जवळ ठेवा. सोमवारी घाटकोपरला उतराल, तेव्हा इअरफोन काढून एकदा पूर्वेकडे बघाल. मी तरी बघते.