दिसेल, पण ऐकू येणार नाही

४०२ वजा १५७. चौथीतल्या दोन मुलांनी एकाच चटईवर बसून हे गणित सोडवलं. एकाचं उत्तर आलं ३५५, दुसऱ्याचं ३४५. पन्नास मुलांच्या वर्गात दोघांच्याही वहीत सारखीच लाल फुली पडली असती. इथे बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्याला म्हणाल्या, "कसं केलंस ते सांग मला. सगळं सांग, मी लिहून घेते."

त्याने सांगितलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य. चारातून एक गेला, राहिले तीन. मोठ्यातून लहान घालवायचं, मग मोठा आकडा वर असो की खाली, एवढाच त्याचा नियम. दुसऱ्याची अडचण निराळी होती. शेजारून दशक आणायचा हे त्याला ठाऊक होतं. शेजारी शून्य आहे हेही त्याने पाहिलं, त्याचे नऊ केले, पण ज्या शतकातून ते आले त्या चाराला हात लावायचं राहून गेलं.

बाईंनी पहिल्याला काड्या दिल्या. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले, असे दहा गठ्ठे एका मोठ्या पिशवीत. चार पिशव्या आणि दोन सुट्या काड्या मांड, म्हणाल्या, आणि मला त्यातल्या सात सुट्या दे. तो थांबला. दोनच्या सात कशा होणार? मग त्याने स्वतःच एक पिशवी उघडली, तिच्यातून एक गठ्ठा काढला, रबर सोडलं. पिशवीत नऊ गठ्ठे उरले ते त्याच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्याला काड्यांची गरजच नव्हती. त्याला बाईंनी एवढंच विचारलं, "हे नऊ आले कुठून?" तो जरा वेळ आकड्यांकडे बघत राहिला आणि मग चारावर काट मारून तीन लिहिले. एकाला अर्धा तास लागला, दुसऱ्याला एक प्रश्न पुरला.

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर हा वर्ग भरतो. दुसरी ते सातवीची अकरा मुलं. बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात, काहींच्या गुजराती. शाळा कुणाची गुजराती माध्यमाची, कुणाची इंग्रजी. २०२३च्या कायद्याने गुजरातमधल्या सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली, तेव्हा इंग्रजी शाळेतलं मराठी पोरही आता दोन-तीन लिप्या एकदम हाताळतं. सहावीतली एक मुलगी आजीला मराठीत पत्र लिहीत होती. अक्षरं वळणदार, पण शिरोरेषा एकाही शब्दावर नाही, कारण शाळेतल्या गुजरातीला वरची रेघ नसते. बाईंनी ती चूक म्हणून दाखवली नाही. पत्र पुरं होऊ दिलं, मग म्हणाल्या, "आता सगळ्या शब्दांवर छप्पर घाल." मुलीने पट्टी न घेता रेघा ओढल्या. त्या ओढताना दोन शब्द एकमेकांना चिकटले आहेत हे तिचं तिलाच दिसलं.

मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, या कामाला बडोद्यात जुना वारसा आहे. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक म्हणून इथे आला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक आणि त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांनी त्याला मुळापासून शिकवलं. १८८१ अखेर त्याने राज्याचा कारभार हाती घेतला, १८९३ला अमरेली भागात आणि १९०६ला राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सयाजीरावांची ही गोष्ट इथल्या मराठी घरांत सगळे जाणतात, पण त्यातला उशिरा शिकायला लागलेल्या मुलाचा भाग फार कमी जण सांगतात.

दुसरा वारसा ताजा आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचा. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने इथल्या महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि रोजचे दोन तास. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचं मोजमाप केलं. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, आणि दोन्हींची तुलना केली. २००७ साली त्यांचा निबंध छापून आला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासह २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धर्तीच्या कामासाठी. मुलं पुढे सरकली, सगळ्यात मागे असलेली जास्त. पण त्या निबंधातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बालसखीकडे काही मुलं गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. म्हणजे नुसती संख्या घटवून भागत नाही. मूल कुठे अडलंय ते बघणारं कुणीतरी समोर बसावं लागतं. 'आमच्याकडे फक्त दहाच मुलं' अशी पाटी लावणाऱ्या शिकवण्यांना पालकांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा.

या बालसख्या जिथे जागा मिळेल तिथे बसत: रिकाम्या वर्गात, मैदानात, नाहीतर व्हरांड्यात. जागेची ती अडचणच होती. पण व्हरांड्यात चाललेली शिकवणी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. घरगुती शिकवणीत हे उलटं होतं. मुलाकडे नीट लक्ष द्यायचं म्हणून एक मोठं माणूस आणि एक मूल आतल्या खोलीत बसतात, आवाज नको म्हणून दार लोटतात, पंखा आहे म्हणून खिडकी लावतात. लक्ष देण्यासाठी जे हवं असतं, नेमकं तेच वाईट हेतूच्या माणसालाही हवं असतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्या घटनांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासाच्या जागेवरचा होता. शिक्षक ही विश्वासाचीच जागा.

बाईंनी हा पेच बसण्याच्या जागेने सोडवला आहे. एकट्या मुलाला शिकवायचं असेल तर ते ओट्यावर, उघड्या दाराशी. समोर गल्ली, पाठीमागे चटईवरची बाकीची मुलं. मुलाची अडचण चारचौघांत जाहीर होऊ नये म्हणून आवाज खाली. त्यांचं वाक्य मी तसंच लिहून घेतलं: "दिसलं पाहिजे सगळ्यांना, ऐकू मात्र जाता कामा नये." हे वाचायला सोपं, पाळायला अवघड. पावसाळ्यात ओटा ओला होतो, उन्हाळ्यात तापतो, शेजारी डोकावतात. तरीही आतली खोली शिकवण्यासाठी उघडत नाहीत.

न्हाणीघर मात्र आतच आहे. तिथली कडी त्यांनी सुताराकडून खाली घेतली, दुसरीतल्या मुलाचा हात पोचेल इतकी. मूल एकटं जातं, एकटं येतं. वर्गाच्या वेळात घरातली पुरुषमंडळी मागच्या दाराने ये-जा करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, त्यात आरोपी सफाई कर्मचारी होता आणि गुन्हा नोंदवण्यात झालेल्या दिरंगाईवर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. तेव्हापासून इथल्या आयाही मुलांच्या स्वच्छतागृहाबद्दल मोकळेपणाने विचारू लागल्या आहेत.

अक्षर गिरवताना मुलाचा हात हातात घ्यायची आपली पद्धत आहे. बाई आधी विचारतात, "धरू का हात?" नको म्हटलं तर स्वतःच्या पाटीवर तेच अक्षर शेजारी काढतात.

सहा वाजून गेले होते तेव्हा एक गृहस्थ स्कूटरवरून उतरले. तिसरीतला मुलगा "काका!" म्हणत उठला, दप्तर खांद्याला लावलं.

"दादा, बसा दोन मिनिटं," बाई म्हणाल्या. "याच्या बाबांना फोन करते."

"अहो, मी सख्खा काका आहे त्याचा. तो ओळखतोय मला, बघताय ना?"

"बघतेय. तरी बसा. पाणी देऊ?"

काकांचा चेहरा पडला. बाबांचा फोन लागेना, मग आईला लावला. तिने होकार दिल्यावर बाईंनी वहीत वेळ टाकली आणि मुलाला सोडलं. मुलाने ओळखणं हा पुरावा धरायचा नाही, हा त्यांचा नियम आहे, आणि वर दिलेला निम्म्या घटनांचा आकडा आठवला की तो का आहे ते कळतं. काकांना राग आला हे खरं. पण त्या काकांच्या घरीही लहान मुलं असतील, आणि ती कुठेतरी शिकायला जात असतील.

काही पालक फी देताना हमखास म्हणतात, "ऐकत नसेल तर दोन द्या ठेवून, आमची परवानगी आहे." शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. शिकवणीत तसं कोण बघतं? बाई मारत नाहीत, आणि त्याचं त्यांनी दिलेलं कारण मला कायद्याहूनही पटलं. मार बसला की मूल चूक करायचं थांबत नाही, दाखवायचं थांबतं. ३५५ खोडून शेजाऱ्याचं २४५ लिहितं. मग ते कुठे अडलं होतं ते कुणालाच कळत नाही. आणि जे मूल वजाबाकीतली चूक लपवायला शिकलं, ते रिक्षावाल्याने काय केलं, शेजारच्या दादाने काय दाखवलं, हे कुणाला सांगेल? आधी त्याला हीच भीती वाटणार की आपलंच चुकलं. या वर्गात मुलं रोज मोठ्या माणसाला स्वतःची चूक उलगडून सांगतात, आणि समोरचं माणूस ती न रागावता लिहून घेतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी याहून मोठी तयारी मला तरी माहीत नाही. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा धडा वर्षातून एकदा होतो. ही सवय रोजची आहे.

प्रत्येक मुलाची एक वही बाईंकडे असते. गुण नसतात तिच्यात. 'ओळ सोडून वाचतो', 'शून्य आला की थांबते', 'आज पेन्सिल फार दाबून', 'दोन दिवस कुणाशी बोलली नाही'. शेवटच्या दोन नोंदी अभ्यासाच्या आहेत की आणखी कशाच्या, हे लिहिताना त्यांनाही माहीत नसतं. त्या अंदाज बांधत नाहीत, तारीख घालतात. मूल गप्प झालं ते कधीपासून, हे नंतर कुणी विचारलं तर उत्तर वहीत असतं.

मूल काही बोललंच तर काय करायचं, तेही वहीच्या पहिल्या पानावर आहे. ऐकून घ्यायचं. खोदून विचारायचं नाही, कारण तेच तेच पुन्हा सांगायला लावणं मुलाला जाचतं आणि पुढे तपासालाही बाधतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. मुलाचे शब्द तसेच्या तसे लिहायचे. मग १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे ज्याला कळलं किंवा नुसती शंका आली, त्या प्रत्येकावर ही खबर द्यायची जबाबदारी आहे, मग तो शाळेत असो की घरगुती शिकवणीत. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल मात्र कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. हे शेवटचं पालकांना सांगितलं की त्यांचा अर्धा धीर परत येतो, कारण पोलीस चौकीची पायरी हीच त्यांची पहिली भीती असते.

एरवी या अकरा मुलांच्या वर्गाकडे सरकारी कुणी फिरकत नाही. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्यांना लागू. ती काळजी मुख्यतः मोठ्या क्लासची, आणि गुजरातला तिचं कारण नको सांगायला: २४ मे २०१९ला सुरतच्या तक्षशिला इमारतीतल्या आगीत २२ विद्यार्थी गेले. १८ जानेवारी २०२४ला इथे बडोद्यातच, हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. नावेत माणसं जास्त होती आणि जीवरक्षक जाकिटं सगळ्यांच्या अंगात नव्हती. हरणीनंतर बाईंनी मुलांना सुरसागर तलावावर पायी नेणंसुद्धा थांबवलं. मला हे पटलं नाही, आणि तसं मी त्यांना म्हणालो. मुलांना बाहेर न्यावंच. बरोबर मोठी माणसं किती, हे आधी ठरवून न्यावं.

आता गणितासाठी कॉलेजातला एक मुलगा मदतीला येणार आहे. पॉक्सोच्या २०२०च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक आहे. बाईंनी त्यालाही ती आणायला सांगितली. त्यानिमित्ताने इतकी वर्षं तोंडी चाललेले नियम त्यांनी मराठीत आणि गुजरातीत कागदावर उतरवले आणि पालकांना वाचायला दिले. मदतनीस ओट्यावरच बसेल. मुलांना फोन नंबर देणार नाही, निरोप पालकांच्याच फोनवर. कुणाचा फोटो काढणार नाही. एका आईने वाचून झाल्यावर निळ्या पेनाने खाली एक ओळ वाढवली: कुठल्याही मुलाला एकट्याने शेजारी बसून शिकायचं नसेल तर त्याने नको म्हणावं, त्याला कारण विचारू नये.

दुसऱ्याच दिवशी चौथीतल्या एकाने सतराचा पाढा टाळायला तो नियम पुढे केला. बाईंनी कारण विचारलं नाही. त्याला चटईवर परत पाठवलं आणि वहीत तारीख घातली.