सुहा आणि अरुंधती : डोळ्यांना दोन, दुर्बिणीला तीन, शास्त्राला सहा

डेप्युटी नज़ीर अहमद यांची 'बनातुन्नअश' ही १८७२ सालची कादंबरी उर्दूच्या अध्यापकांना परिचित आहे. मुलींच्या शिक्षणावरील या पुस्तकाचे नाव मात्र आकाशातून आलेले आहे. मराठीत ज्यांना सप्तर्षी म्हणतात, त्या सात ताऱ्यांना अरबांनी 'बनातुन्नअश' म्हणजे 'जनाज़्याच्या कन्या' असे नाव दिले होते. चौकोनातील चार तारे म्हणजे जनाज़ा आणि त्यामागून चालणारे तीन तारे म्हणजे शोकाकुल मुली, अशी ती कल्पना होय.

या तीन ताऱ्यांपैकी मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याच्या अगदी शेजारी एक मंद तारा दिसतो, ती अरुंधती. आधुनिक खगोलशास्त्रात त्यांची नावे मिझार आणि अल्कोर अशी आहेत. 'मिझार' हा मूळ अरबी 'मिअज़र', म्हणजे कमरेचे वस्त्र. मराठीत रुळलेला 'इजार' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. अल्कोरला अरब लोक 'सुहा' म्हणत. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ताऱ्यांवरील ग्रंथात, लोक सुहा पाहून आपली नजर तपासतात अशी नोंद केली आहे. भारतात विवाहविधीत वधूला अरुंधती दाखविण्याची प्रथा आहे. दोन निरनिराळ्या परंपरांनी एकाच मंद ताऱ्याकडे बोट दाखवावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नजरेची परीक्षा कितपत खरी?

वसिष्ठ व अरुंधती यांच्यातील अंतर सुमारे १२ कला आहे. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे ३१ कला असते. निर्दोष डोळा एक-दोन कलांचे अंतरही ओळखू शकतो. मग ही परीक्षा कठीण का मानली गेली? एक कारण असे की अरुंधती वसिष्ठापेक्षा सुमारे सहा पट मंद आहे. शहरी उजेडात ती सहज हरवते. दुसरे कारण लघुदृष्टी. अंधारात बाहुली पाच मिलिमीटर उघडली आणि चष्म्याचा नंबर उणे एक असला, तर प्रत्येक ताऱ्याचा सुमारे १७ कलांचा धूसर ठिपका दिसतो. हा ठिपका दोघांतील अंतरापेक्षा मोठा असल्यामुळे दोन्ही तारे एकमेकांत मिसळून जातात.

अध्यापकांच्या दृष्टीने या हिशेबाला व्यावहारिक मोल आहे. फळ्यावरचे दिसत नाही हे अनेक विद्यार्थी सांगत नाहीत. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतात आणि 'अभ्यासात कच्चा' असा शिक्का माथी घेऊन बसतात. स्वच्छ आकाशात वर्गातील बहुतेकांना सुहा दिसत असेल आणि एखाद्यालाच दिसत नसेल, तर त्या विद्यार्थ्याला नेत्रतपासणीसाठी पाठवावे. मात्र सुहा दिसली म्हणजे डोळे निर्दोष, असा उलटा निष्कर्ष काढू नये. नंबर कमी असल्यास ती दिसू शकते. शिवाय जवळचे नीट न दिसण्याचा दोष या परीक्षेत कळत नाही. सर्वांसमोर कोणाला कमीपणा वाटेल अशा रीतीने हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

एकाचे सहा कसे झाले?

इ. स. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेली याने वसिष्ठाकडे दुर्बीण वळविली, तेव्हा तो स्वतःच दोन ताऱ्यांचा बनलेला असल्याचे दिसले. या दोघांत सुमारे १४ विकलांचे अंतर आहे. १८५७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत त्यांचे छायाचित्र घेण्यात आले. जोडताऱ्याचे ते पहिले छायाचित्र होय.

पुढची पायरी दुर्बिणीच्याही पलीकडची होती. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरविला की त्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात. तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकतात. दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी अधिक चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, तसाच हा प्रकार आहे. वसिष्ठाच्या तेजस्वी घटकाच्या रेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसतात, असे हार्वर्डमध्ये आढळले. पिकरिंग यांनी १८८९ मध्ये हा शोध जाहीर केला; अँटोनिया मोरी यांचा या कामात महत्त्वाचा वाटा होता. दोन तारे परस्परांभोवती सुमारे साडेवीस दिवसांत फिरत असल्याचा हा पुरावा होता. १९०८ मध्ये दुसरा घटकही असाच जोडतारा ठरला. २००९ मध्ये अरुंधतीजवळ एक मंद तांबडा बटू तारा सापडला. अशा रीतीने एकूण सहा तारे झाले. हे कुटुंब पृथ्वीपासून ऐंशीहून थोड्या अधिक प्रकाशवर्षांवर आहे.

जवळ दिसणारे सर्वच तारे नातलग नसतात, हाही धडा येथेच मिळतो. वसिष्ठ व अरुंधती यांच्या दरम्यान द्विनेत्रीतून आणखी एक मंद तारा दिसतो. १७२२ मध्ये लीबक्नेश्ट याने त्याला नवा ग्रह समजून आपल्या राजाचे नाव दिले. प्रत्यक्षात तो फार मागे असलेला, या कुटुंबाशी संबंध नसलेला तारा आहे.

निरीक्षण कसे करावे?

एप्रिल आणि मे हे महिने सोयीचे. मेअखेरीस रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास वसिष्ठ उत्तर दिशेला सर्वांत उंच असतो. बेळगावहून क्षितिजापासून सुमारे ५१ अंश, ग्वाल्हेरहून सुमारे ६१ अंश. जूनमध्ये पावसाळी ढगांमुळे संधी कमी होते. चांदणे नसलेली रात्र निवडावी, दिव्यांपासून दूर जावे आणि डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो लावावा. वसिष्ठाचे दोन घटक वेगळे पाहण्यास ६० मिलिमीटरची साधी दुर्बीण पुरते.

संस्कृतात 'अरुंधतीदर्शनन्याय' प्रसिद्ध आहे. प्रथम ठळक तारा दाखवावा आणि त्याच्या आधाराने सूक्ष्म ताऱ्याकडे नजर न्यावी, असा त्याचा आशय. आधी चौकोन, मग तीन तारे, मग मधला आणि शेवटी त्याची सोबतीण, हाच क्रम मैदानावर ठेवावा. 'दिसली का?' असे विचारण्याऐवजी 'कोणत्या बाजूला दिसते?' असे विचारून प्रत्येकाकडून वहीत आकृती काढून घ्यावी. होकार देणे सोपे असते. आकृती मात्र डोळ्यांनी जे पाहिले तेच सांगते.