ब्लू फ्लॅग तुलाच रे भावा!

पुण्याची गँग निघालीय चेन्नईला! ट्रॅक डे तोंडावर आलाय आणि गाड्यांच्या आधी तोंडंच सुटलीत.

"तुझी स्विफ्ट मला फक्त आरशात दिसणार!"

"दिसू दे की! शेजारून जाताना हात पण करीन!"

हिशेब मिटणार कुठे? चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. एका दमात म्हणून दाखवा! ट्रॅकची लांबी 3.7 किलोमीटर, वळणं 12, रेसिंग सुरू 1990 पासून.

सगळ्यात हिट टोमणा: "निळा झेंडा तुझ्यासाठीच शिवलाय!" निळा म्हणजे मागून फास्ट गाडी येतेय, वाट दे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये. लालची चेष्टा कुणीच करत नाही, आणि तेच बरोबर.

"टर्बो आहे का?" हे सगळेच विचारतात. खरा ट्रॅकवेडा विचारतो, "ब्रेक ऑइल कधी बदललंस?"

माहीत आहे का? नवंकोरं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल पितं! 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. (ट्रॅकही 3.7, पाणीही 3.7. काय जुळलंय!) मग वळणावर ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला. म्हणून ऑइल आधीच बदला, आणि शेवटचा लॅप आरामात, ब्रेक गार करत.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक? अजिबात नाही! गाडी गिअरमध्ये, चाकाला ठोकळा. तापलेला ब्रेक आवळून ठेवायचा नसतो.

फ्लोअर मॅट घरीच. पेडलखाली सरकली तर?

"अरे, तो मारुती 800 घेऊन येतोय!" हसताय? थांबा. एस. करिवर्धन यांनी 800 चंच इंजिन लावून सिंगल सीटर बनवली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्यातूनच. 2005 मध्ये तोच पहिला भारतीय एफ वन ड्रायव्हर झाला!

आणि पुणेकरांनो, कॉलर टाइट करा! 2024 मध्ये पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी याच ट्रॅकवर राष्ट्रीय सलून कार चॅम्पियनशिप मारली. पुरुषांसोबतच्या रेसमध्ये. राष्ट्रीय कार रेसिंगचा किताब जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दोन मुलांच्या आई!