जामसांवलीच्या वाटेने : सीमेपलीकडचा मराठी मुलूख

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचे? आपल्या भागातली उत्तरे ठरलेली असतात. आजी-आजोबा बरोबर असले तर पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर. मुलांचा हट्ट असला तर गोकर्णचा समुद्र, नाहीतर हंपी. ही ठिकाणे चांगलीच आहेत. पण आजी कानडीत रागावते आणि मराठीत लाड करते अशा ज्या घरांत मुले वाढतात, त्या घरांनी एकदा तरी मुद्दाम पाहावा असा एक मुलूख नागपूरच्या उत्तरेला आहे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा हा मुलूख. शाळा-कचेरीची भाषा हिंदी, आणि चुलीपाशी, शेताच्या बांधावर, बाजारात मराठी!

एकाच दिवशी बदललेला नकाशा

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी तिकडेही नकाशा बदलला. तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. विदर्भ मुंबई राज्यात आला. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी गावे मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिली. नागपूर हाकेच्या अंतरावर, सोयरिकी तिकडच्या, आणि सरकारी कागद भोपाळचा. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याची घोषणा आधी ऑगस्टमध्ये झाली, तीही जामसांवलीच्या मारुतीसमोर.

निजलेला मारुती

जामसांवली हे सौंसरजवळचे छोटे गाव. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, नागपूरपासून साधारण ६०-७० किलोमीटरवर. इथला मारुती उभा नाही, तर पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. मूर्ती स्वयंभू आहे आणि तिच्या नाभीतून पाझरणारे पाणी हे तीर्थ आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मंगळवारी, शनिवारी आणि हनुमान जयंतीला मोठी गर्दी होते. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हे दिवस टाळावेत.

निजलेला मारुती आपल्याला अगदीच नवा नाही. खुलताबादचा भद्रा मारुती अनेकांनी पाहिला असेल. आपल्याकडे यलगूरचा हणमंत, अंजनाद्रीचा आंजनेय, गावोगावचा हणमप्पा. तिकडे हा जामसांवलीचा. देवाची नावे बदलली तरी शनिवारचे तेल आणि रुईच्या पानांची माळ तीच.

एक गोष्ट सांगायला हवी. मनाच्या आजाराने त्रासलेल्या माणसांना घेऊन अनेक कुटुंबे इथे येतात. त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, फोटो काढू नयेत, हे मुलांना आधीच समजावून सांगावे. आणि आपल्या घरात असे कोणी असेल तर दर्शन जरूर घ्यावे, पण डॉक्टरांची औषधे एक दिवसही थांबवू नयेत.

जवळच मोहगावला अर्धनारीश्वराचे शिवमंदिर आहे. जामसांवलीला जोडून अर्ध्या दिवसात तेही होते.

पोळा, मातीचे बैल आणि गोटमार

आपल्याकडे कारहुणवीला बैल सजतात, कोल्हापूरकडे बेंदूर होतो, आणि मण्णेत्तिन अमावास्येला घराघरांत मातीच्या बैलांची पूजा होते. तिकडे श्रावणी अमावास्येला पोळा. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात. आपला मातीचा आणि त्यांचा लाकडी, असे दोन बैल शेजारी ठेवावेत इतके हे सण सख्खे आहेत.

त्याच दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडफेक चालते. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला पळवून नेत होता, नदीत दोघांवर दगड पडले, अशी दंतकथा यामागे सांगतात. या खेळात दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर जीवही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला, पण दगड काही सुटले नाहीत. मुलांना घेऊन त्या दिवशी तिथे जाऊ नये, असे स्पष्टच सांगावेसे वाटते. एरवी मात्र नदीकाठी उभे राहून ही कथा मुलांना जरूर सांगावी. दोन काठ, दोन गावे आणि मधे एक झेंडा! सीमाभागातल्या मुलांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी काय पाहाल?

वाटेत सावनेर लागते. राम गणेश गडकरी यांचे निधन १९१९ साली याच गावी झाले. जवळच अदासा इथला गणपती आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते.

छिंदवाड्याकडे निघालात तर गोंड राजांचा देवगड किल्ला पाहावा. ज्या बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, तो याच देवगडचा राजा. हाताशी आणखी एक दिवस असेल तर तामिया आणि पाताळकोट. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोल दरीत भारिया आदिवासींची गावे आहेत. पांढुर्ण्याहून उलट्या दिशेला गेलात, तर बैतूल जिल्ह्यात मुलताईला तापी नदीचा उगम आहे.

पूर्वी नागपूरहून छिंदवाड्यापर्यंत सातपुड्यातून नॅरो गेजची छोटी गाडी धावायची. २०१५ साली ती बंद झाली आणि तिथे ब्रॉड गेज आले.

पानातली ओळख

हा संत्र्यांचा मुलूख. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहराची फळे बाजारात येतात, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. जेवणात ज्वारीची भाकरी, झणझणीत पाटवडीचा रस्सा, आणि रोडगे-वांग्याची भाजी मिळाली तर सोडू नये. अंबाडीची भाजी पानात आली की घरातली कानडी मंडळी चटकन म्हणतील, ही तर आमची पुंडी पल्ल्या!

कसे जाल?

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेवरून नागपूरला जाते. बेळगाव-निपाणीकरांनी मिरज किंवा कोल्हापूर गाठावे. नागपुरात एक रात्र विश्रांती घेऊन सकाळी सावनेरमार्गे सौंसरच्या रस्त्याला लागावे. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी मार्गावरचे स्टेशन असल्याने परतीला तिथून रेल्वेनेही नागपूरला येता येते. नागपूर सोडल्यापासून तीन दिवस पुरतात. पाताळकोट धरले तर चार. उन्हाळ्यात मात्र हा बेत आखू नये, ऊन सोसवत नाही.

मुलांसाठी एक वही

निघताना मुलांना एक वही द्यावी. तिच्यात चार रकाने आखावेत : घरची मराठी, तिकडची मराठी, कानडी आणि हिंदी. आपण ‘मला-तुला’ म्हणतो, ते ‘मले-तुले’ म्हणतात. आपण ‘का?’ विचारतो, ते ‘काहून?’ विचारतात आणि आपल्या कानडीत ‘याक?’ होते. आपल्याकडे पाहुण्याला ‘जेवा की’ असा आग्रह होतो, तिकडे ‘जेवून घ्या नं जी’ असा. परत येईपर्यंत वहीची दहा पाने सहज भरतील.

आपली मराठी पुण्यासारखी नाही म्हणून सीमाभागातली मुले पुष्कळदा गप्प बसतात. कानडी मिसळते म्हणून कोणी हसेल, अशी भीती वाटते. हळूहळू घरातली एक भाषा फक्त मोठ्यांची होऊन बसते. सौंसरच्या बाजारात संत्रीवाली बाई हिंदीत भाव सांगता सांगता मराठीत घासाघीस करते, तेव्हा दोन भाषांच्या घरात वाढणे ही कमतरता नव्हे, हे मुलांना आपोआप कळते. तेवढ्यासाठी तरी हा प्रवास करावा. वहीत पहिला शब्द कोणता लिहायचा, ते मात्र मुलांनाच ठरवू द्यावे.